इजिप्तवर रागावलेल्या आत्या

पृथ्वीच्या पाठीवर अशी एकही गोष्ट नाही, जिच्यावर माझ्या नवऱ्याची आत्या संतापू शकत नाही. नॉटिंगहॅमच्या सरकारी हॉस्पिटलात उभा जन्म नर्सिंग करून रिटायर झालेल्या ह्या बाई कौन्सिलवर रागावतात, शेजाऱ्याच्या मांजरावर रागावतात, अगदी टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या मुलीवरही, कारण "पाऊस येणार हे सांगताना हसायचं कशाला?" मूलबाळ नाही, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, घरात रागवायला कोणी उरलं नाही, म्हणून मग सगळं जगच त्यांनी हाती घेतलं. ब्रॅकनेलच्या आमच्या मराठी मंडळाची सहल इजिप्तला निघाली, तेव्हा "आत्यांनाही ने" असं सुचवून माझा नवरा स्वतः मात्र ऑफिसचं काम काढून घरी राहिला, हे मी अजून विसरलेले नाही.

लक्झरच्या देवळात शिरताना आत्यांनी चपला काढल्या. "देऊळ ते देऊळ! देव कुणाचा का असेना." सगळ्यांत वडीलधारी बाई अनवाणी म्हटल्यावर मंडळातल्या पंधरा जणांनी निमूटपणे बूट काढले, आणि तापलेल्या दगडांवरून आमची वरात नाचत निघाली. गाइड कपाळाला हात लावून बघत राहिला. आत्यांना पाय भाजल्याचं काहीच नव्हतं. "घंटा नाही, तीर्थ नाही, आणि भिंतीवरचा एकेक देव तोंड फिरवून उभा! आपण इतक्या लांबून आलो, ह्यांना बघायलाही नको?"

दुसऱ्या दिवशी आम्ही एका राजाच्या थडग्यात उतरलो. काचेच्या पेटीत राजा निजलेला. अंगावर कापड होतं, पण काळी पडलेली पावलं उघडी. लोक फोटो काढत होते. आत्यांनी थेट पहारेकऱ्याला गाठलं.

"हू इज इन चार्ज हिअर?"

त्याला काही कळेना, तेव्हा आत्यांनी खांद्यावरची शाल काढून पेटीच्या काचेवर, बरोबर पावलांच्या जागी पसरली. त्याने ती अदबीने परत दिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्या, प्लीज, सीन नको. आपली बस निघून जाईल. हजारो वर्षं झाली हो त्याला जाऊन!"

"म्हणून काय झालं? माझ्या वॉर्डात कुणीही गेलं, तर मी आधी पाय झाकायची, मग घरच्यांना फोन."

बसमध्ये बसल्यावर त्यांनी शालीची नीट घडी घातली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझ्या वेळी कोण असेल गं?"

"काहीतरीच काय बोलता!"

"साधा प्रश्न विचारलाय. उत्तर दे."

"मी आहे की, आत्या."

"ब्रॅकनेलहून नॉटिंगहॅमला? आणि एमवन हायवेवर ट्रॅफिक असला तर?"

घरी परतल्यावर मी आमची खालची खोली रिकामी करून घेतली आणि आत्यांना राहायला बोलावलं. त्या भडकल्याच. ब्रॅकनेल हे काय माणसांनी राहायचं गाव आहे? तेव्हापासून दर रविवारी फोन करून त्या ह्या गावाची एक नवी खोड काढतात. मी वाद घालत नाही. अंथरूण घालून ठेवलंय. त्यांचं रागावून संपेल तेव्हा उशीर झालेला नसो, एवढंच मला वाटतं.