अस्वलाच्या जबड्यातून

"आधी ते डोकं काढा, डोरीन. तुमचं बोलणं ऐकू येत नाहीये मला."

"तुझं मला नीट येतंय. बोल."

"मी काय अस्वलाशी भांडत बसू?"

"मग नको भांडूस. मला कुठे हौस आहे?"

केंट हॅस्केल आमच्या शाळेचा मुख्याध्यापक. शाळेच्या नाटकांचे कपडे ठेवतो त्या खोलीत तो उभा होता, टाय सैल करून, आणि समोर दोन पायांवर सहा फुटी तपकिरी अस्वल. पोटावरची फर झिजून टक्कल पडलेलं. मी स्टुलावर बसून त्याचा काढून ठेवलेला एक पंजा शिवत होते. नाटक शिकवते म्हणून शाळेतलं फाटकंतुटकं सगळं माझ्याकडे येतं.

अस्वल हे आमच्या स्टॅनविकच्या शाळेचं चिन्ह. आत डोरीन पेल्की, शाळेच्या ऑफिसातल्या क्लार्क. गावात सगळ्यांना माहीत, पण तोंडावर कुणी बोलत नाही. दर शुक्रवारी सकाळी बस लागल्या की अस्वल पुढच्या दारात उभं राहतं आणि पोरं त्याच्या पंज्यावर टाळी देत आत शिरतात. मीही इथलीच. माझीही शाळा त्या टाळीनेच सुरू व्हायची.

"ह्या शुक्रवारपासून बंद," केंट म्हणाला. "निदान डोकं तरी नको."

"डोक्याशिवाय? मग उरलं काय? फर घातलेली जाडी बाई."

"पोरांना कळू दे ना आत माणूस आहे ते."

"माणसं भरपूर बघितलीत त्यांनी, केंट. म्हणून तर अस्वलाकडे येतात. प्रत्येक पोर येतं."

"प्रत्येक नाही," केंट म्हणाला.

अस्वलाचं डोकं जरासं कललं. आतून बघायला जबड्यातली जाळी आहे, त्यामुळे ऐकताना सुद्धा अस्वल तोंड वर करून ऐकतं.

"लोअर फोर्क्सची बस लागते ना, ती सगळी पोरं शुक्रवारी मागे जातात. बर्फातून, कचऱ्याच्या पेट्या ओलांडून, स्वयंपाकघराच्या दाराने आत येतात. ड्रायव्हरने सांगितलं मला. सप्टेंबरात शाळा उघडल्यापासून चाललंय."

मी सुई थांबवली.

लोअर फोर्क्स नदीच्या खालच्या अंगाला. त्यांची शाळा गेल्या वर्षी बंद झाली आणि पोरं आमच्याकडे आली. त्यांच्या शाळेचं चिन्ह पाणमांजर होतं. केंटने पुढच्या दारावर 'एक शाळा, एक घर' असा कापडी फलक लावला, जेवणाची टेबलं मिसळून लावली, सरमिसळ गट केले. पोरं ताटं उचलून परत आपापल्यांत जाऊन बसली. वर्षातून एकदा पोरांकडून एक प्रश्नावली भरून घेतात. त्यात एक प्रश्न असतो: तू शाळेत आला नाहीस, तर कुणाच्या लक्षात येईल का? लोअर फोर्क्सच्या बहुतेकांनी लिहिलं, नाही.

डोरीनना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पण पोर आलं नाही की मी घरी फोन करते ना." खरं तर हल्ली त्या करत नाहीत. आता मशीन करतं. मुलाचं नाव सुद्धा मशीनच घेतं, अडखळत.

डोरीन स्टॅनविकच्याच. वडील कागदाच्या गिरणीत, नवराही गिरणीत. गिरणी बंद पडली तेव्हा नवरा दक्षिणेला एका गोदीत कामाला गेला. आधी दर शनिवारी यायचा. मग सणाला. मग फोन. मग तोही नाही. झेरॉक्सची शाई संपली हे ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात डोरीननी हे मला सांगितलं होतं. त्याच हिवाळ्यात अस्वल होणाऱ्या मुलाचा पाय मोडला आणि आइस हॉकीच्या मॅचला कुणीतरी हवं होतं. डोरीननी एका रात्रीपुरतं म्हणून घातलं. त्या रात्री त्या बर्फाच्या कडेला नाचल्या. स्वतःच्या लग्नात न नाचलेली बाई.

"आत कसं वाटतं हो?" मी एकदा विचारलं होतं.

"गरम होतं." मग थोड्या वेळाने, "आणि कुणी विचारत नाही, बरी आहेस ना म्हणून."

आता केंट खुर्ची ओढून बसला. आवाज खाली आणला त्याने.

"एका मुलीला बोलतं केलं मी. शेल्बी कॉर्सन, दहावीतली. तिने सांगितलं का येत नाहीत ते. तुम्ही मॅचला पाणमांजर फाडायचात."

"कापडाचं," डोरीन म्हणाल्या. "मीच शिवायचे."

हे मलाही ठाऊक. लोअर फोर्क्सशी मॅच असली की मध्यंतरात अस्वल बर्फावर यायचं, कापडी पाणमांजर डोक्यावर धरायचं आणि टर्रकन दोन तुकडे करायचं. कापूस उडायचा. आमचं सगळं गाव बाकांवर उभं राहायचं. डोरीन दर वर्षी स्वतः ते शिवायच्या, मिशा काढायच्या, डोळ्यांना बटणं लावायच्या. एका बाजूची शिवण मुद्दाम कच्ची ठेवायच्या, एका हिसक्यात जावं म्हणून.

"एका वर्षी तुमचं नव्हतं," केंट म्हणाला.

"घरी राहिलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर."

"मग तुम्ही काय केलंत?"

"समोरच्या बाकांवर एक दिसलं, ते उचललं."

"ते तिचं होतं, डोरीन. सहा वर्षांची होती ती. त्याला घेऊन झोपायची."

बाहेर घंटा झाली. जिन्यावरून पोरांचा लोंढा गेला.

"चेहरा तरी आठवतो तिचा?" केंटने विचारलं.

"चेहरा कसा दिसेल? जबड्यातून बघते मी. पुढे आलेले हात दिसतात, बास." मग जाळीतून अजून एक वाक्य आलं. "लाल हातमोजा होता. बाहीला दोरीने बांधलेला. तो पण ओढला गेला बरोबर."

"शुक्रवारी डोक्याशिवाय उभ्या राहा. एवढंच मागतोय."

डोरीननी दुसरा पंजाही काढला, दोन्ही हातांनी डोकं वर उचललं आणि शेल्फवर ठेवलं. केस घामाने कपाळाला चिकटलेले. चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. मला वाटलं रडतील, ओरडतील.

"माझं सँडविच राहिलंय," त्या म्हणाल्या.

डबा उघडून, गळ्यापर्यंत अस्वल अशा बसून त्यांनी ट्यूना सँडविच खाल्लं. सावकाश, पूर्ण. कडासुद्धा टाकल्या नाहीत. केंट माझ्याकडे बघत राहिला, मी पंज्याकडे.

गुरुवारी सकाळी मी ऑफिसात झेरॉक्स काढत होते. डोरीनच्या कॉम्प्युटरशेजारी एक पाणमांजर बसलेलं. नवं. मिशा, बटणांचे डोळे. सवयीने मी उचलून शिवण पाहिली. दोन्ही बाजूंनी दुहेरी, बारीक टाक्यांची.

"कधी शिवलंत?"

"झोप येत नव्हती."

तेवढ्यात दार उघडून एक मुलगी आत आली. उंच, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, बुटांना बर्फ. तिने काउंटरवर कोपर टेकलं.

"उशिराची चिठ्ठी हवीये."

"नाव?"

"शेल्बी कॉर्सन."

डोरीनचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. "कारण?"

"बस चुकली. बाबांनी सोडलं."

डोरीननी चिठ्ठी लिहिली, पण दिली नाही. पाणमांजर उचलून काउंटरवर ठेवलं.

"हे काय आहे?" शेल्बीने विचारलं.

"आत मी होते."

"माहितीये. सगळ्यांनाच माहितीये, मिसेस पेल्की. तुम्हालाच वाटतं कुणाला माहीत नाही."

"तू दिसली नव्हतीस मला."

"ओरडत होते मी."

"त्या गोंगाटात आत ऐकू येत नाही."

"बाबा पण ओरडत होते." शेल्बी हातमोजा काढून बोटं चोळू लागली. "आधी. मग सगळेच हसायला लागले ना, तुमच्या बाजूचे, आमच्या बाजूचे. मग ते पण हसले. घरी जाताना गाडीत म्हणाले, अगं गंमत होती ती."

झेरॉक्स मशीनमधून माझे कागद येत होते. ते बंद कसं करायचं तेच मला सुचेना.

"चुकलं माझं," डोरीन म्हणाल्या. तोच आवाज, शाई संपली सांगणारा. पण काउंटरवरचा हात त्यांनी दुसऱ्या हाताने दाबून धरला होता.

शेल्बीने त्या हातांकडे पाहिलं. मग पाणमांजर उचललं, दोन टोकांना धरलं आणि ओढलं. जोर लावून. खांदे वर आले तिचे. पाणमांजर ताणलं गेलं, बटणांचे डोळे लांब गेले. टाका हलला नाही.

"फाटत नाहीये."

"नाही फाटणार."

तिने ते परत काउंटरवर ठेवलं, पोट वर करून.

"उद्या मी दारात असेन," डोरीन म्हणाल्या. "डोकं न घालता. टाळी नको देऊस. पण पुढच्या दाराने येशील?"

चिठ्ठी त्यांनी पुढे केली. शेल्बीने ती घेतली, पाठीवरची बॅग सारखी केली आणि निघून गेली.