सासूबाईंना दिसलेला तिसरा ठिपका

अख्खा जन्म शिलाई मशीनवर वाकून काढल्यावर मास्तरांच्या मानेनं एके दिवशी संप पुकारला. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि वर बजावलं, "रोज संध्याकाळी थोडा वेळ मान वर करून बघत जा." घरात वर बघायचं म्हणजे पंखा, आणि पंख्यावरची धूळ दिसली की बायको लगेच हातात फडकं द्यायची. म्हणून दुकान बंद केलं की मास्तर गच्चीवर जाऊ लागले.

दिवेलागणीला एक टपोरा तारा सगळ्यांच्या आधी हजर असायचा. बाकीचे लुकलुकायचे, हा मात्र एकटक बघत राहायचा. काही आठवड्यांनी मास्तरांच्या लक्षात आलं, की पठ्ठ्या शेजारच्या ताऱ्यांपासून सरकलाय. वाचनालयातून पुस्तक आणलं तेव्हा उलगडा झाला. तो तारा नव्हताच, गुरू ग्रह होता. मग काय, वेडच लागलं. मेव्हण्याच्या कपाटात धूळ खात पडलेली दुर्बीण त्यांनी मागून आणली आणि मोठ्या उत्साहानं इमारतीतल्या लोकांना गच्चीवर बोलावलं.

तो कार्यक्रम पार फसला. पुस्तकातली सगळी नावं मास्तरांनी एका दमात सांगून टाकली. हे नक्षत्र, ते नक्षत्र, इकडे उत्तर, तिकडे पूर्व. लोक माना चोळू लागले. दुर्बिणीतून बघून एक जण म्हणाला, "फोटोत तर केवढं रंगीत असतं! हे तर नुसते ठिपके." हळूहळू सगळे सटकले. उरलेल्या सतरंज्या मास्तरांनी एकट्यानं गुंडाळल्या.

दोन-तीन दिवस ते वर गेलेच नाहीत. शेवटी बायकोच म्हणाली, "जा की, आणि आईलाही घेऊन जा. मोतीबिंदू काढल्यापासून दिवसभर मला भांड्यांवरचे डाग दाखवतेय. जरा दुसरीकडे बघू दे तिला."

सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या, पण जावयाशी बोलणं मोजकंच. जेवलात का, दिवा मालवू का, संपलं. त्या कठडा धरून जिना चढल्या. आकाशात अर्धा चंद्र होता. मास्तरांनी त्यांची कोपरं गच्चीच्या भिंतीवर टेकवली, म्हणजे दुर्बीण हलणार नाही, आणि या वेळी तोंड बंद ठेवलं.

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या. "ह्याला देवी आल्या होत्या की काय?"

मास्तरांना हसू आवरेना. "खड्डे आहेत ते, आई. उजेड नि अंधार जिथं भेटतात ना, तिथं सावल्या पडतात, म्हणून उठून दिसतात."

मग त्यांनी दुर्बीण गुरूकडे वळवून दिली. "काय दिसतंय?"

"एक मोठा. बाजूला बारके ठिपके. तीन."

"दोन असतील. मी आत्ताच पाहिलेत."

"तुम्हाला दोन असतील, जावईबापू. मला तीन आहेत."

मास्तरांनी श्वास रोखून पुन्हा पाहिलं. गुरूला अगदी खेटून तिसरा होता. त्यांनी मुकाट्यानं हार मानली. "त्याचे चंद्र आहेत ते. त्याच्याभोवती फिरतात."

सासूबाईंनी दुर्बीण परत मागून घेतली. त्यांनी ठिपके पुन्हा एकदा मोजले. मग हळूच म्हणाल्या, "एवढी वर्षं हे डोक्यावर होतं, आणि मला कुणी सांगितलं नाही."

"मलाही कुणी सांगितलं नव्हतं, आई."

दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या आत सासूबाईच चपला घालून दारात उभ्या. त्या संध्याकाळी दोनच ठिपके दिसले, तेव्हा त्या चक्क रागावल्या. "एक कुठं गेला?" गेला असेल गुरूच्या मागे, असं ऐकल्यावर उद्या तो येतो का हे बघणं आलंच.

मास्तरांनी पुन्हा लोकांना बोलावलं, पण आता रीत बदलली होती. एका संध्याकाळी एकच गोष्ट दाखवायची. आधी सगळ्यांनी नुसतं अंधारात बसायचं, डोळे सरावू द्यायचे. आणि सांगायचं नाही, विचारायचं, "काय दिसलं?" रांगेची जबाबदारी सासूबाईंनी परस्परच घेतली. "मोबाइल खिशात! एका उजेडानं सगळ्यांचे डोळे दिपतात." ठिपक्यांवरून नाक मुरडणारा तो गृहस्थ पुन्हा आला, आणि ठिपके मोजता मोजता रांग अडवून बसला. सासूबाईंनी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं.

पुढे मेव्हण्याकडे बाळ आलं आणि सासूबाई त्याची दुर्बीण बरोबर घेऊन तिकडे राहायला गेल्या. मास्तरांना गच्ची सुनी सुनी वाटू लागली. पण एका संध्याकाळी फोन वाजला.

"जावईबापू, इथं समोर उंच इमारत आहे. गुरू दिसतच नाही."

"मागच्या अंगणात जाऊन बघा बरं."

चपलांचा आवाज आला, पाठोपाठ आणखी चार-पाच बायकांची कुजबुज.

"दिसला, दिसला!" सासूबाई ओरडल्या, आणि फोन चालूच ठेवून कुणाला तरी म्हणाल्या, "घाई करू नका गं. आधी कोपरं टेकवा."