रेसियातोचा पहिला कप

माराच्या रानात पाहुण्यांना प्राणी दाखवायला नेणाऱ्या ड्रायव्हर लोकांची एक रीत आहे. सकाळी ज्याला बिबट्या सापडेल त्याला तळावर परतल्यावर पहिला चहा, आणि तो ओतणार खुद्द सांकाले, सगळ्या ड्रायव्हरांचा म्होरक्या. त्याला सगळे मानाने 'म्झे', म्हणजे वडीलधारे, म्हणतात. रेसियातोला तीन महिन्यांत त्या चहाचा वासही लागला नव्हता. उलट बाकीच्यांना चहा वाढायची किटली तिच्याच हातात. स्वयंपाकघरातून उठून गाडीवर बसलेली, तळावरची पहिली बाई ड्रायव्हर ना ती!

"आज तुझ्या चाचणीचा शेवटचा दिवस," सांकालेने सकाळीच बजावलं. "आविनोबाईंना बिबट्याचा फोटो मिळाला तर गाडी तुझी. नाहीतर पोरी, पातेली वाट बघतायत."

आविनोबाई किसुमूच्या निवृत्त नर्स. जन्मभर लोकांना सुया टोचल्या आणि आता हातभर लांब लेन्स घेऊन रानात आलेल्या. चार दिवसांत फोटोत बिबट्याची नुसती शेपटी मिळाली होती, तीही हललेली.

आठच्या सुमाराला रेडिओ खरखरला. नदीवर सिंह! झालं, बाकीच्या बाराच्या बारा गाड्या धुरळा उडवत सुटल्या.

"चल की गं!" बाई ओरडल्या.

रेसियातो हलेना. समोर हरणांचा कळप चरत होता आणि त्यातली एक मादी तेवढी चरत नव्हती. लहानपणी शेळ्या राखताना आईने एकच गोष्ट डोक्यात ठोकून बसवली होती: जी खात नाही तिच्याकडे बघू नकोस, ती बघतेय तिकडे बघ. मादीची नजर एका झुडपावर खिळली होती. रेसियातोने गाडी सुरू केली आणि चक्क मागे घेतली, चांगली पन्नास पावलं.

"अगं, लोक पुढे जातात! तू उलटी कुठे निघालीस?"

"बाई, बिबट्या त्या झुडपात, आणि लपायची कपार इकडे खडकात. वाट अडवली तर येईल का तो? आम्ही गुरांच्या पाण्याच्या वाटेतसुद्धा बसत नाही."

"आणि नाहीच आला तर?"

"तर उद्यापासून तुमच्या उगालीचं मक्याचं पीठ मीच ढवळेन."

बोलली खरी, पण झुडपावरची नजर तिने हलवली नाही. अर्धा तास गेला. रेडिओवर सांकाले खेकसला, "रेसियातो, झोपलीस का?" तिने आवाज बारीक केला.

मग झुडूप हललं. बिबट्याची मादी बाहेर आली, तोंडात पिल्लू! सरळ गाडीपाशी आली, चाकाच्या सावलीत पिल्लू ठेवलं आणि दम खात बसली. जेमतेम चार हातांवर.

बाईंनी लेन्स उचलली. सगळं धूसर! इतक्या जवळचं त्या लांबड्या लेन्सला दिसेचना. "अगं आई गं, आता?" त्या रडवेल्या झाल्या. रेसियातोने त्यांचाच मोबाइल हळूच त्यांच्या हातात सरकवला आणि कुजबुजली, "दमानं घ्या. सुई टोचताना हात हलायचा का तुमचा?"

नाही हलला.

बिबट्या दिसला की लगेच रेडिओवर सांगायचं, हा नियम. पण रेसियातोने तोंड उघडलं ते मादी पिल्लू घेऊन कपारीत शिरल्यावरच.

तळावर सांकाले तणतणतच आला. "आधी का नाही कळवलंस?"

"कळवलं असतं तर तुम्ही बारा जण धावत आला असता, म्झे. पिल्लू तिथेच टाकून पळाली असती ती."

तो पुढे काही बोलणार, तोच आविनोबाईंनी मोबाइल त्याच्या नाकाखाली धरला. एकेक मिशी मोजून घ्यावी असा फोटो, आणि पिल्लाच्या कानाला लागलेला चिखलसुद्धा. सांकालेने मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला.

"तीस वर्षांत इतक्या जवळून मीही नाही पाहिली," तो म्हणाला.

त्याने किटली उचलली. चहा ओतून त्याने कप रेसियातोपुढे धरला. आनंदाने तिला हसू आवरेना. तिने एक घोट घेतला.

"साखर कमी आहे, म्झे."

ड्रायव्हरांत एकच हशा पिकला. सांकालेने डबा ओढला, दोन चमचे साखर घातली आणि स्वतःच्या हाताने ढवळून दिली.