राजरत्न दादाची राहून गेलेली पीएच.डी.

दादा मुलाखतीच्या रांगेत मेला.

स्वतःच्याच नोकरीच्या मुलाखतीच्या.

मंठ्याच्या एका कॉलेजात तो तासिकेवर फिजिक्स शिकवायचा. दर वर्षी तीच जागा, तीच मुलाखत, तीच फाईल मांडीवर घेऊन बाकड्यावर बसणं. मागच्या वर्षी आजच्या दिवशी त्या बाकड्यावरच हार्ट अटॅक आला. चाळिशी नुकतीच ओलांडली होती.

राजरत्न दादा. आमच्या वाटूरचा. सख्खा नव्हता, पण मला दादा तोच.

एमएस्सीनंतर त्याला परदेशात फुल फंडेड पीएच.डी. मिळत आली होती. सोलर सेलवर काम. ऑनलाइन इंटरव्ह्यू झाला, तिथल्या प्रोफेसरांना तो आवडला. फक्त तो शिकवायचा त्या कॉलेजातल्या हेड सरांचं शिफारसपत्र अपलोड व्हायचं बाकी होतं.

सर आज बघतो, उद्या बघतो म्हणत राहिले. दादा रोज केबिनबाहेर उभा. शेवटच्या दिवशी सर म्हणाले,

"तू गेल्यावर इथं प्रॅक्टिकल कोण घेईल? आणि तुमच्यात एमएस्सी झालास, हेच लई झालं की."

'तुमच्यात' कसं म्हणाले, ते दादाने मला करून दाखवलं होतं. हसत.

लिंक बंद झाली. पुढे त्याचे वडील गेले, घर अंगावर पडलं. मग पीएच.डी. नाही म्हणून पर्मनंट नाही.

तरी दर रविवारी आम्हा पोरापोरींना घरी बोलवायचा. कुठल्या लॅबमध्ये फंडेड जागा निघाली, प्रोफेसरला मेल कसा लिहायचा, सगळं शिकवायचा. माझा पहिला मेल त्याने पूर्ण खोडायला लावला.

"इतकं गयावया करू नको. तुला काय येतं ते सांग. बास."

माझं जर्मनीत सिलेक्शन झालं तेव्हा माझ्या वडिलांचा, अण्णांचा, विश्वासच बसेना. शिकायला आपण पैसे भरतो, हे लोक उलटे कशाला देतील, पोरीला फसवून राह्यले, असं त्यांचं म्हणणं. दादा दुपारभर आमच्या ओसरीवर बसला. शेवटी म्हणाला,

"अण्णा, रिसर्च म्हणजे कामच असतंय. कामाचा पगार देतेत. मला न्हाई जाता आलं. हिला तरी जाऊ द्या."

अण्णा म्हणाले, "बराबर हाय."

दादा गेल्याचं मला इथे जर्मनीत, लॅबमध्ये कळलं. जाता आलं नाही. शोकसभेचा व्हिडिओ तेवढा पाहिला.

स्टेजवर तेच सर. आता प्राचार्य. राजरत्न आमच्या कॉलेजचा हिरा होता म्हणत डोळे पुसत होते. समोरचे लोक माना हलवत होते.

मी लॅपटॉप आपटून बंद केला.

गेल्या आठवड्यात सरांचा मला मेसेज आला. मुलगा इंजिनिअर झालाय, तुमच्याकडे फंडेड पोझिशन असेल तर बघा, जमल्यास शिफारशीचे दोन शब्द टाका.

मला चक्क 'मॅडम' म्हणाले.

पोराची काही चूक नाही. कळतंय मला. दादाने त्यालाही रविवारी समोर बसवून मेल लिहून घेतला असता.

माझं मन तेवढं मोठं नाही. मेसेज वाचला. उत्तर दिलं नाही. देणारही नाही.

आज वाटूरला वहिनी दादाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावतील. मी इथून हात जोडते.

जयभीम, दादा.