माझी दुरुस्ती अन् तिची उदबत्ती

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. जुन्या मेटॅडोरमध्ये फळी, शेगडी बसवून मी आम्हा दोघांसाठी फिरतं घर केलंय. गॅसची नळी चिरली होती. नवी आणायचा कंटाळा केला अन् सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली.

दुरुस्ती झाली म्हणून बायको पूजेला आत चढली. उदबत्तीसाठी काडी ओढणार, तोच थांबली.

"अवो, वास येऊन राह्यला जी."

"तुले सगळीकडे वासच येते! लाव तू!" मी खेकसलो.

तिनं काडीपेटी बाहेर फेकली. मी पट्टीवर साबणाचं पाणी टाकलं, तर फुगेच फुगे.

"आता नवी नळी आणजा," एवढंच म्हणाली. सिलेंडर बंद करून उदबत्ती गाडीबाहेर ठेवलेल्या तुळशीच्या कुंडीपाशी लावली.

तिनं दिलेला प्रसाद अजून हातातच आहे. बायकोची माफी मी कधी मागितली नाही. कशी मागतात, सांगाल का?