फळीचा बाक

वहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे गेले," आणि माझ्या तोंडून निघाला तो प्रश्नच. "दादाले हे दुखणं कधीपासून माहीत होतं?" वहिनींनी फोन ठेवला. आठवडाभर आधी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते की दादाच्या कण्यातलं दुखणं बरेच महिने मुरलेलं आहे, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. दादा डोळे मिटून पडला होता, वहिनी पदराचं टोक पिळत होत्या. दोघांपैकी कुणालाच नवल वाटलेलं दिसलं नाही...

संशय हा आमच्या घरचा रोग, आणि तो मला दादाकडूनच लागला. कोराडीच्या वीजकेंद्रात वाफेचे पाइप तपासण्यात त्याची सगळी नोकरी सरली. लग्नाच्या मांडवातही तो ताटातलं सोडून डोक्यावरचा आडवा पाइप न्याहाळत बसायचा. "तुटणारं आवाज करते गा," तो मला सांगायचा, "वाकणारं बोलत नाही. पोलाद थोडं ताणून सोडलं का जागेवर येते. हद्दीबाहेर ताणलं का मंग नाही येत. अन् तापला पाइप तर लय लबाड. वजन तेच, ताप तोच, तरी वर्षानुवर्षं हळूहळू वाकून राहते." खिशात सुताची दोरी कायम. कुठं बाक आलाय का हे बघायला ती ताणून तो चौकटीला लावायचा, कपाटाला लावायचा. एकदा आईच्या पाठीला लावायला निघाला होता, तिनं लाटणं उगारलं म्हणून थांबला.

त्याच्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्यांची लांब सागवानी फळी आहे. वर्षभरात तिला खाली बाक यायचा. दिवाळीच्या साफसफाईत दादा बरण्या उतरवून फळी उलटी करायचा, म्हणजे त्याच वजनानं ती पुन्हा सपाट व्हायची. "मधात एक टेकू लाव ना," मी म्हणायचो. तो भडकायचा. "टेकू लावला का आपलं लक्ष सुटते. मी आहो तोवर टेकू नाही."

गेल्या दिवाळीत मी गेलो तर दादा खुर्चीत उशी घेऊन बसलेला. मला निरोप द्यायलाही उठला नाही. गुडघे धरलेत म्हणाला. माझा विश्वास बसला नाही, पण त्यानं असं काही रोखून पाहिलं की मी चप्पल घातली.

तेरावं झाल्यावर पाण्याच्या निमित्तानं मी आत गेलो. फळीखाली मधोमध टेकू होता, कडा नीट घासलेला.

"हा कोणं लावला?"

"यायनंच. दिवाळीच्या आधी." वहिनींनी गॅस बारीक केला. "आमाले दोघायलेही माहीत होतं. तुमाले सांगू नको म्हणत."

"काहून?"

"तुमी रोज दोरी घेऊन आले असते, भाऊजी. त्यायले तुमच्यापुढं सरळ बसा लागलं असतं."

मला राग आला. तो अजून गेलेला नाही, दादावरही आणि वहिनींवरही. पण घरात आता त्या एकट्याच आहेत, म्हणून दर रविवारी जातो. पाणी मागतो, आत जाऊन टेकू बोटानं हलवून पाहतो. तो घट्ट आहे. मग समोर बसून चहा घेता घेता वहिनींच्या पाठीकडे चोरून बघतो. हल्ली मी आलो की त्या जरा जास्तच ताठ बसतात, असा मला संशय आहे.