मॅडमनी नाकारलेला लेख

तायडे मॅडम गेल्याचं मला त्यांच्या धाकट्या भावानं, दादारावकाकांनी, फोनवर सांगितलं. मी अकोल्याहून अमरावतीला निघाले होते, बसनं मूर्तिजापूर नुकतंच मागं टाकलं होतं. "बाई गेली वो पोरी," एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी मी मॅडमनाच दवाखान्यात भेटायला चालले होते.

चीनच्या राजकारणावर आयुष्य घालवलेली बाई अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याकडची, हे ऐकून बाहेरच्यांना नवल वाटायचं. त्यांना स्वतःला त्यात काही विशेष दिसत नव्हतं. दिल्लीत चिनी भाषा शिकल्या, अमरावतीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला लागल्या आणि चिनी खेड्यांचा कारभार कसा चालतो ते शोधत राहिल्या. वर्गात पुस्तकी मराठी, वर्गाबाहेर पाऊल पडलं की वऱ्हाडी.

माझं घर पत्रकांचं. बाबा संघटनेची पत्रकं लिहायचे, आई घड्या घालायची, आम्ही वाटायचो. मॅडमच्याच कॉलेजात बी.ए.ला असताना मीही ग्रामसभेवर एक पत्रक लिहिलं. चीनच्या खेड्यात साधा माणूस उमेदवार ठरवतो, मग आपल्याकडे का नाही, असा सवाल त्यात ठोकून दिला. कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून मॅडमनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"हे चीनचं कुठून आणलं?"

"तुमच्याच लेखातून, मॅडम." मला वाटलं, खूश होतील.

"तो लेख चुकीचा हाये. काढ ते वाक्य."

"पण सगळे तोच लेख वापरतात."

"म्हणून तर सांगून राहिली. आता तू बी वापरतं, अन् लोकायले बी वाटतं?"

त्या लेखाची हकिगत त्यांनी मग आपल्या खोलीत चहा करता करता सांगितली. तरुणपणी त्या अभ्यासदौऱ्यावर चीनला गेल्या होत्या. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांना काही खेडी दाखवली. फळ्यावर उमेदवारांची नावं, मैदानात जमलेलं गाव, मतदान, टाळ्या. मॅडमनी पाहिलं तसं लिहिलं. लेख गाजला. देशोदेशीचे अभ्यासक आपल्या लेखात त्याचा संदर्भ देऊ लागले. काही वर्षांनी त्या त्यातल्याच एका गावी स्वतःहून परत गेल्या, मुक्कामाला राहिल्या. मक्याची कणसं सोलता सोलता एका म्हातारीनं सहज सांगून टाकलं की, फळ्यावरची नावं सभेच्या आधीच पक्षाच्या सचिवाच्या घरी ठरतात.

"सरपंच बिनविरोध कसा होते, हे मले शाळेत असल्यापासून ठाऊक," मॅडम म्हणाल्या. "अगोदर कोणाच्या तरी ओसरीवर ठरते, मंग ग्रामसभेत टाळ्या. तेल्हाऱ्याकडं मी हे इचारल्याबिगर राहिली असती का? पण तिकडं गेली अन् पाहुणी झाली. पाहुणी काय इचारते?"

त्यांनी दुसरा लेख लिहिला. पहिल्यात आपलं काय विचारायचं राहून गेलं, ते त्यात सरळ मांडलं. पहिला लेख मागे घ्या, असं नियतकालिकाला कळवलं. यात लबाडी नाही, मग मागे कशाला घ्यायचा, असं उत्तर आलं आणि कोपऱ्यात एक छोटी टीप छापली गेली. टीप कोणी वाचली नाही. दुसरा लेखही फारसा कोणी वाचला नाही. पहिल्याचे संदर्भ मात्र वाढतच गेले. प्राध्यापकपदासाठी अर्ज करायची वेळ आली तेव्हा मॅडमनी तोच लेख त्यातून वगळला. एक सहकारी म्हणाले, "मॅडम, तुमच्या दुकानात एकच माल चालते, अन् तुमी तोच उचलून ठेवून राहिल्या."

"खराब माल हाये ना भाऊ," मॅडम म्हणाल्या.

पद मिळालं नाही. त्या सहयोगी प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाल्या. पण कोणी नव्यानं तो लेख वापरला की त्याला ईमेल जायची: हा लेख चुकला आहे, दुसरा वाचा. काही जण आभार मानायचे, काही गप्प बसायचे. एकानं कळवलं, आता छापून झालं, काय करणार... मॅडम पुढच्याला लिहायला बसायच्या.

आपल्या विद्यापीठांत संशोधन मोजतात ते कसं? कितीजणांनी संदर्भ दिला, यावर. लेख खरा की खोटा, हा रकानाच नाही. चूक कबूल करणारा त्या मापात घसरतो आणि चुकीवर मुकाट बसलेला वर चढतो. हे माप बदललं पाहिजे, आणि ते बदलायची सुरुवात मॅडमच्या विभागापासूनच व्हायला हवी.

मॅडमच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या स्मृतीसाठी ठेवलेल्या कार्यक्रमात, प्राचार्य बोलायला उठले आणि त्यांनी त्याच लेखाचे गोडवे गायले. विभागात फलक लावू म्हणाले, कॉलेजच्या तपासणीची समिती येणार आहे, सर्वाधिक संदर्भांचा लेख आमच्या कॉलेजचा. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तिथे तासिकेवर शिकवते. पहिल्या ओळीत लेखाचं नाव, आणि दुसरीत मी लिहून दिलं: हा लेख लेखिकेनं स्वतः चुकीचा ठरवला, त्यांचा दुसरा लेख वाचावा.

विभागप्रमुखांनी कागद टेबलावर ठेवला. "असं फलकावर कोणी लिहिते काय?"

"सर, त्यांनी लिहिलं असतं."

"त्या गेल्या आता. तुमाले अजून नोकरी करायची हाये. दुसरी ओळ काढा."

"नाही काढणार, सर."

"मंग तासिकांचं पाहू आपण."

नव्या सत्रात माझं नाव असेल की नसेल, मला माहीत नाही. फलकाचं काम दुसऱ्या कोणाला दिलं असेल. त्या फलकावर जे येणार नाही ते इथे लिहून ठेवते आहे.

गेल्या आठवड्यात एका परदेशी संशोधकाचा नवा निबंध वाचला. तळटिपेत मॅडमचा पहिला लेख होता. मी त्याला लिहिलं, "लेखिका आता हयात नाहीत. असत्या तर त्यांनीच कळवलं असतं. हा लेख चुकलेला आहे, दुसरा सोबत जोडला आहे." दोन ओळींचं उत्तर आलं. दुसरा लेख आहे हे ठाऊक नव्हतं, वाचतो आहे. मी ते दादारावकाकांना वाचून दाखवलं. काका म्हणाले, "बाकीच्यायले कवा लिवतं?"

रोज संध्याकाळी एकेकाला लिहिते आहे.